बाबांची वाचा गेली तेव्हा

माझ्या हातून बरे झालेले पहिले पेशंट म्हणजे माझे बाबा. त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हा मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होते आणि निर्णय घेण्यात सपशेल नापास होते. सर वॉर्डात विचारायचे, "बोला, काय झालंय याला?" उत्तर मला यायचं, पण तोंडातून निघायचं, "सर, न्यूमोनिया असू शकतो... नसूही शकतो." सर म्हणायचे, "मग औषध देऊ, की नकोही देऊ?" परीक्षा तोंडावर आली होती. एकदाही छातीठोकपणे 'पक्का' म्हणता येत नसेल तर मी डॉक्टर कसली, या काळजीने पोटात गोळा यायचा. (गॅसेस असू शकतात. नसूही शकतात.)

अशात हिवाळ्यातली अमावस्या आली. आई-बाबा ग्वारीघाटावर स्नानाला गेले आणि मी, रात्रभर पुस्तक घेऊन जागलेली, होस्टेलवरून थेट तिथे पोचले. नर्मदेवर दाट धुकं होतं. नदी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. द्रोणांतले दिवे त्या पांढऱ्यात तरंगत चालले होते आणि नावाड्यांच्या हाका रजईआडून आल्यासारख्या ऐकू येत होत्या. मी पायरीवर टेकले. डोळे उघडे होते, बाकी मी झोपले होते. इतकं सुख वाटत होतं म्हणून सांगू! परीक्षा, सर, न्यूमोनिया, सगळं त्या दिव्यांबरोबर खालच्या तिलवारा घाटाकडे वाहत जावं आणि आपण इथेच बसून राहावं, असं वाटत होतं.

त्या धुक्यातून बाबा प्रकट झाले. कमरेला पंचा, अंगावर शाल, खांद्यावर आईची पिशवी, एक गाल टम्म.

"बाबा, आई कुठंय?"

बाबा गप्प! फॅक्टरीतल्या यंत्रांच्या खडखडाटात ओरडण्यात ज्यांचा जन्म गेला, जे झोपेतही शेजाऱ्यांना सल्ले देतात, ते बाबा गप्प!

"काहून बोलून नाही राहिले? हसा बरं!"

ते एकाच बाजूने हसले. (दुसऱ्या गालात प्रसादाचं खोबरं होतं.)

"दोन्ही हात वर करा!"

त्यांनी एकच वर केला. (दुसऱ्या हाताने पंचा धरला होता. ते मला दिसत होतं. पण आता माघार नाही!) मग त्यांनी नदीकडे बोट दाखवलं, ओठांवर ठेवलं, माझ्याकडे रोखलं आणि आभाळाला हात जोडले. पंचा घसरला, तो पुन्हा धरला.

"अरे देवा! लकवा! वाचा गेली यांची!" मी किंचाळले आणि त्यांना ओढत ऑटोत कोंबलं.

"दीदी, अंकल तो फिट दिख रहे हैं," ऑटोवाला म्हणाला.

"डॉक्टर आप हैं कि मैं?"

"आप," म्हणत बिचाऱ्याने गाडी सुरू केली.

अर्ध्या वाटेवरचं नेपियर टाउन मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की आई घाटावरच राहिली आहे. तिची पिशवी आणि फोन आमच्यापाशी! बाबा आता दोन्ही हातांनी खाणाखुणा करायला लागले. "हात हलून राहिले, चांगलं लक्षण आहे," असा मी त्यांना धीर दिला.

हॉस्पिटलात बाबा पंच्यासह स्ट्रेचरवर चढले. सरांनी हात, पाय, जीभ, सगळं नीट तपासलं.

"बाकी सगळं ठीक आहे. फक्त बोलत नाहीत?"

"हो सर. लगेच स्कॅन करायला हवा."

"निर्णय कोणाचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सकाळचं धुकं अजून डोक्यात होतं. पण माझे बाबा पुन्हा बोलायला हवे होते.

"माझा, सर. पक्का!"

"पक्का!" स्ट्रेचरवरून गर्जना झाली. बाबा ताडकन उठून बसले. "ऐकलं काय डॉक्टरसाहेब? पक्का म्हणाली पोरगी!" आणि घळाघळा रडायलाच लागले. मग एकदम त्यांनी तोंडावर हात दाबला.

तेवढ्यात, माझी किंकाळी ऐकलेल्या नावाड्यांना विचारून मागोमाग निघालेली आई दारातून आत आली. ओले केस, कोणाची तरी मागून आणलेली शाल आणि चेहरा असा, की वॉर्डबॉयने आपोआप वाट दिली.

"अवं पोरी, मौनी अमावस्या आहे आज! दिवसभर मौन धरलं होतं त्यायनं! तुले तुझं ठरवता यावं म्हणून नवस बोलले होते. अन् तूच मोडलं!"

"मोडलं-बिडलं काही नाही," बाबा नाक पुसत म्हणाले. "नर्मदामैया पावली. जेवणाच्या वेळेपर्यंतबी नाही थांबली!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच वेळी असंही वाटलं, की या बडबड्या माणसाने माझ्यासाठी सकाळपासून किती सोसलं असेल!

सर हसू दाबत म्हणाले, "शंका आली तर आणायलाच हवं. त्यात तुमचं काही चुकलं नाही. बरं डॉक्टर, आता पेशंट तुमचा. घरी सोडायचं का?"

मला पहिल्यांदाच कुणी डॉक्टर म्हटलं होतं. मी ताठ उभी राहिले, बाबांची नाडी पाहिली आणि पूर्ण आत्मविश्वासाने म्हणाले,

"आईला विचारून सांगते, सर."