आठ नंबरचा खोका आणि माझे साडू

तक्रारदार: मी स्वतः, मुक्काम परदेशी, गाव हर्नडन. ज्यांच्याविरुद्ध: माझे साडू, म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिवस: मागच्या वसंतात टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम खुला झाला, त्याच्या आदला. साक्षीदार: माझी पत्नी, तसेच काडतुसांच्या दुकानातील विक्रेता, मात्र त्यास मराठी येत नाही.

साडू दहा वर्षे शिकार करतात. माझी पहिलीच खेप. फळीवर चार, पाच, सहा, आठ अशा नंबरांची काडतुसे होती. मोठ्या पक्ष्याला मोठा छर्रा, आणि मोठा छर्रा म्हणजे मोठा नंबर, असे गृहीत धरून मी आठचा खोका उचलला. साडूंनी तो पाहिला. म्हणाले, "तुम्ही अर्ज लिहिणारे साडूभाऊ, तुम्हाला मी काय शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी चाळीस पावलांवरून बार टाकला. टर्की पिसे झटकून झाडीत गेला. नंबर वाढतो तसा छर्रा बारीक होतो, हे मला तेव्हा कळले. त्यांना आधीच ठाऊक होते. अक्षय्य तृतीयेच्या पंगतीत वीस माणसांसमोर ते म्हणाले, "आमचे साडूभाऊ टर्कीवर अक्षता टाकून आले." पत्नीही हसली, याची मी नोंद ठेवली आहे.

माझे शिक्षण अकरावीत सुटले, अभ्यास सुटला नाही. कागदावर टर्कीचे डोके व मान रेखाटून, तितक्याच अंतरावरून, प्रत्येक नंबर माझ्याच बंदुकीतून झाडून पाहिला. चारचे छर्रे फाकले. पाचचे चौदा मानेत बसले. यंदा एका बारात टर्की पडला. पाचचा तो कागद चौकटीत घालून, आमच्या बैठकीत साडू बसतात त्या खुर्चीसमोर टांगला आहे. परवा ते खुर्ची फिरवून बसले.

इकडच्या मराठी घरांचे अर्ज मीच लिहितो. साडूंना घरामागे डेक, म्हणजे लाकडी ओटा, बांधायचा आहे. परवानगीचा अर्ज माझ्याकडे आहे. मंगळवारी त्यांचा फोन आला, "झाला का हो ड्राफ्ट?" मी म्हणालो, "कोणता नंबर घालावा, ते ठरत नाही."

तरी मागणी अशी की, येत्या दिवाळीच्या फराळास, त्याच वीस माणसांसमोर साडूंनी उभे राहून "मला ठाऊक होते आणि मी गप्प बसलो" एवढे म्हणावे. तोवर डेकचा अर्ज माझ्या खणात राहील. मान्य असल्यास लेखी कळवावे. मेहुणीमार्फत आलेला तोंडी निरोप उत्तर म्हणून धरला जाणार नाही.