तोच कॉम्प्युटर, नवा खेळ

गेल्या रविवारी ताईने टीव्हीला जोडायचा आमचा जुना कॉम्प्युटर कपाटातून काढला. मी त्याच्यासाठी एक नवा खेळ आणला होता. कुणा हौशी माणसाने अलीकडेच, फावल्या वेळात, खास या जुन्या यंत्रासाठी तो लिहिला होता.

आधी आम्ही लहानपणचाच खेळ लावला. खेळ ज्यावर साठवलेला होता ती कॅसेट बराच वेळ किरकिरली आणि उड्या मारणारा तो माणूस पडद्यावर आला. तिसऱ्या खोलीतल्या खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. त्या खड्ड्यापायी मी दोन सुट्ट्या घालवल्या होत्या. बटण दाबल्यावर तो उशिरा उडतो, हे आता स्पष्ट दिसत होतं. तेव्हा मात्र ताई म्हणायची, "तुझे हातच जड आहेत." मी ते इतकं खरं मानलं की पुढे कधी बॅटही धरली नाही.

मग नवा खेळ लावला. तेच मोजके रंग, तोच चिरका आवाज. पण बोट हललं की माणूस उडत होता. ताईने एकामागून एक खोल्या पार केल्या.

"काय सुंदर केलंय रे!"

मला मात्र संताप आला. म्हणजे या यंत्राला हे तेव्हाही जमलं असतं. कुणीतरी घाईने खेळ उरकला होता, आणि दोष मी स्वतःला देत राहिलो. ताईला हे सांगितलं, तर ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "अरे, खेळच तर होता तो!"

मी उठलो आणि ती सातव्या खोलीत असतानाच टीव्ही बंद केला.