दुबार नोंद

बाजारात त्यांना सगळे टिकताई म्हणत. खरं नाव काय ते फक्त बँकेला ठाऊक. तेहतीस वर्षं त्या दुकानोदुकानी जाऊन, आधी विक्रीकराचं आणि आता व्हॅटचं, विवरणपत्र भरायच्या आधी वह्या तपासून देत होत्या. काम सांगायला सोपं. विक्रीवर गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर एका बाजूला मांडायचा, खरेदीवर आपण भरलेला दुसऱ्या बाजूला, आणि वजाबाकी करून उरेल तो सरकारात भरायचा. करायला मात्र कंबर मोडते. खरेदीचं एकेक बिल हातात घ्यायचं. तारीख, नंबर, विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, कराची रक्कम आणि माल खरंच आला का, हे सगळं पाहायचं, वहीशी ताडायचं आणि मगच लाल पेनने टिक करायची. दर तीन महिन्यांनी, सहा दुकानांत.

त्या तिमाहीत पाच दुकानं उरकून त्या नळसामानाच्या दुकानात आल्या तेव्हा मुदतीला चार दिवस होते. मान अवघडलेली, पायांचे गोळे दुखत होते. त्यांचं टेबल माळ्यावर, कमोडच्या खोक्यांमध्ये. "सरकारी कामाला याहून चांगली जागा कुठे मिळणार!" असं त्या दर वेळी म्हणत. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. जिना चढूनच दम लागला होता.

पाइपवाल्या व्यापाऱ्याने सहा महिन्यांचा खातेउतारा पाठवला होता. त्यांनी तो मागच्या तिमाहीच्या वहीशेजारी ठेवला. उताऱ्यात तेराशे शहाऐंशी नंबरचं बिल होतं, वहीतही होतं. पण वहीत पुढच्याच पानावर तेराशे छत्तीस नंबरचं आणखी एक बिल होतं, तेवढ्याच रकमेचं. उताऱ्यात ते नव्हतं.

त्यांनी फाइल काढली. तेराशे छत्तीस म्हणून जे बिल लावलं होतं ती शहाऐंशीच्याच बिलाची पुसट झेरॉक्स होती, माल आल्याच्या चिठ्ठीला टाचलेली. आठाचा तीन वाचला गेला होता. एकाच बिलाचा कर दोनदा वजा झाला होता, आठ हजार सहाशे चाळीस. सरकारात तेवढा कमी गेला होता. आणि अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. पुढे लाल टिकही होती.

त्या वही खिडकीजवळ घेऊन गेल्या. तेव्हा त्यांना दुसरं काही दिसलं. टिकच्या शेजारी पेन्सिलीने अगदी फिकट प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. त्यांनी मागची पानं उलटली. जागोजागी पेन्सिलीचे ठिपके होते. दोन ठिकाणी बेरजेचा आकडा खोडून नीट केलेला होता. वर्षभराच्या वह्यांमध्ये तसंच.

त्यांच्यामागून कुणीतरी तपासत होतं.

खाली गल्ल्यावर मालक आणि त्यांची सून बसले होते. सून लग्नाआधी एका कंपनीत हिशेबाचं काम करायची. टिकताईंनी वही काउंटरवर ठेवली.

"भाऊ, हे ठिपके कुणाचे?"

मालकांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान खाली घातली.

"माझे, काकू."

"कधीपासून?"

"वर्ष होईल," मालकच म्हणाले. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा एखादा आकडा इकडचा तिकडे व्हायला लागला होता. मीच हिला म्हटलं, विवरणपत्र जायच्या आधी गुपचूप बघत जा."

"आणि हे दुबार बिल?"

"ते मला उशिरा दिसलं," सून म्हणाली. "तोवर विवरणपत्र गेलं होतं. मी बाबांना सांगितलं होतं."

"मी म्हटलं राहू दे," मालक म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्हाला काय सांगायचं? माझ्या वडिलांच्या वेळपासून तुम्ही इथे. आणि एवढ्याशा रकमेसाठी कोण बघायला येतंय?"

"म्हणजे माझी कीव करून तुम्ही सरकारचा कर बुडवलात," टिकताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढवायला अंगात त्राण नव्हतं. "मला तोंडावर बोलला असतात तर बरं झालं असतं, भाऊ. मी रडले असते, दोन दिवस आले नसते, पण कळलं तर असतं."

एक गिऱ्हाईक तोटी मागायला आलं, मालक तिकडे वळले.

त्या दुपारी टिकताई लवकर घरी गेल्या. नवरा भाजी निवडत बसला होता. त्याला सगळं सांगितलं.

"मी तुला चष्म्याचं कधीपासून सांगतोय," तो म्हणाला.

"अहो, चष्म्याचं नाही. मी दमलेय. दमलेय हे कबूल करायलाही दमलेय."

त्याने हातातली जुडी खाली ठेवली. "मग कर की कबूल. माझ्यापुढे कर."

टिकताईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि पुढच्या आठवड्याची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा माळ्यावर गेल्या. सुनेला हाक मारली. "आता चोरून नको. समोर बस. तू बिल वाच, मी वहीत बघते."

सून वाचू लागली. नंबर, तारीख, कर. टिकताई बोट ठेवून टिक करू लागल्या. कधी बोट थांबलं की सून तोच आकडा पुन्हा वाचे, सावकाश, काही न विचारता. तासाभराने सून म्हणाली, "काकू, या नोंदणी क्रमांकात एक अंक कमी आहे." खरंच होता. टिकताईंच्या नजरेतून तो सुटला होता. त्यांना टोचलं, आणि त्याच वेळी खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं.

मुदतीच्या आदल्या दिवशी विवरणपत्र गेलं. आधीचं जादा वजा केलेलं व्याजासकट भरलं. मालक कुरकुरले, पण त्यांनी पैसे भरले. व्याज टिकताईंनी आपल्या मेहनतान्यातून कापायला लावलं. मालक नको नको म्हणत राहिले, त्यांनी ऐकलं नाही.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. टिकताईंनी पाच दुकानांना निरोप धाडला की पुढच्या तिमाहीला दुसरं कुणी बघा. दोघांनी आग्रह केला, तिघांनी "बरं" म्हटलं. ते "बरं" त्यांना फार लागलं. नळसामानाचं दुकान त्यांनी ठेवलं, पण वहीवर सही सुनेची असेल या अटीवर.

निरोप देऊन झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सकाळी नऊपर्यंत झोपल्या. नवऱ्याने दोनदा येऊन पाहिलं आणि दार लोटून घेतलं.