उजव्या खांद्यावरची पाकळी

मी डॉक्टर झाले नाही याचं मला अजूनही बरं वाटतं. लोक मात्र हळहळतात. लग्नकार्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढी हुशार पोर, थोडक्यात हुकलं बघा." मी मान डोलावते आणि आणखी एक जिलेबी वाढून घेते. हुकलं कसलं, डोंबल! मी सुटले. आणि त्याला नशीब-बिशीब काही कारण नव्हतं, कारण होते आमचे आबा.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव वडगाव निंबाळकरच्या पुढं. कालव्याच्या अलीकडं ऊस, पलीकडं उघडा माळ. आजोबांच्या काळापर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. आबांनी ती मोडली आणि ऊस लावला. मेंढरं गेली, पण माळावरचा मेंढरांचा देव काही सुटला नाही. आबांचं पान त्याच्यावाचून हलायचं नाही. काहीही ठरवायचं झालं की कौल लावायला माळावर.

कौलाची रीत साधी आहे. देव म्हणजे माळावरच्या छोट्या देवळातला, शेंदूर माखलेला गुडघाभर उंचीचा दगड. पुजारी त्याच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली पाकळी चिकटवतो. आपण प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठं खणायची, जर्सी गाय घ्यायची का, आत्याला आलेलं स्थळ चांगलं का, सगळं आबांनी असंच विचारलेलं. एकदा विहीर निम्मी खणून झाल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, पुन्हा कौल लावला आणि डावी पडली. आबांनी काम तिथंच थांबवलं. ती निम्मी विहीर अजून आमच्या बांधाला तशीच आहे, तिच्यात बाभळी उगवल्यात. आई म्हणायची, "उद्या कालवणात मीठ किती घालायचं तेबी इचारून या." आबा हसायचे आणि पुन्हा माळावर जायचे.

माझं डॉक्टर होणं मात्र देवानं नाही, गावानं ठरवलं. दहावीला मला चांगले मार्क पडले, तेव्हा शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. नारळ, शाल, हार, आणि सरपंचांनी माईकवरून जाहीर करून टाकलं, "आपल्या गावची पहिली डॉक्टरीण!" टाळ्या पडल्या. आबा पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. फेट्याच्या शेवटानं त्यांनी डोळे पुसले ते मी स्टेजवरून बघितलं, आणि मुकाट नारळ घेऊन खाली उतरले.

त्या दिवसापासून माझ्यामागं शुक्लकाष्ठ लागलं. बाया रस्त्यात गाठून जीभ काढून दाखवायच्या. एका म्हाताऱ्यानं तर बारामतीच्या भरल्या एसटीत धोतर गुडघ्याच्या वर घेऊन मला नायटा दाखवला. "बघ गं डॉक्टरीणबाई, ह्याला काय लावू?" मी अकरावीत, कालपरवा बेडूक फाडायला लागलेली. काय सांगणार, कपाळ? "साबणानं धुवा," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. सगळी गाडी कौतुकानं माझ्याकडं बघत होती. मला त्या गाडीतून उडी टाकावीशी वाटली.

रक्ताची मला भीती होती असं मुळीच नाही. मेंढीच्या पोटात आडवं आलेलं कोकरू मी लहानपणी आजोबांबरोबर ओढून काढलेलं आहे. बेडकाचं मला काय कौतुक? भीती वेगळीच होती, आणि ती मला एका दुपारी कळली. शेजारची सून तापानं फणफणलेलं तान्हं बाळ घेऊन आमच्या अंगणात आली. "दवाखान्यात न्यावं लागंल, का घरीच उतरंल ताप? तू सांग." तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी म्हणेन तेच ती करणार होती!  "आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या," असं मी ओरडलेच तिच्यावर. बाळ दोन दिवसांत खेळायला लागलं, पण तिची ती नजर मला पुढं कितीतरी दिवस जेवू देईना. माणसाचं काय करायचं ते ठरवायचं, तेही रोज आणि जन्मभर, हे आपल्याच्यानं होणार नाही, एवढं मला पक्कं उमगलं.

मला काय हवं होतं, तेही सांगते. आईच्या भावाचं, म्हणजे मामाचं, इंदापूरला स्टँडजवळ मेडिकल होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं काउंटरमागं स्टुलावर बसायचे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसानं निम्मं ऐकलेलं असतं आणि उरलेलं जिन्यात विसरलेलं असतं. ते सगळं तो मेडिकलवाल्याला विचारतो. एकदा डाळज गावचे एक आजोबा आले. त्यांना वाचता येत नव्हतं. गोळ्या तीन तऱ्हेच्या, सगळ्या पांढऱ्या. मामा दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता. मी कागदी पाकिटं घेतली, एकावर उगवता सूर्य काढला, एकावर भाकरी आणि एकावर चांदणी. म्हटलं, "ही उठल्यावर, ही जेवल्यावर, ही झोपताना." आजोबांनी पाकिटं उलटीपालटी करून बघितली आणि डोक्याला लावली. पुढच्या आठवड्यात परत येऊन दारातूनच ओरडले, "चांदणीच्या संपल्या गं बाय!" मामा हसून हसून बेजार झाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग मला नादच लागला. एकच गोळी कडू आणि दुसरी गोड कशी, कॅप्सूलची टोपी कशाची, पोटात गेल्यावर ती नेमकी कुठं विरघळते, आणि हे तिला कोण सांगतं? मामा म्हणायचा, "बये, माझं डोकं खाऊ नको, मी साधा डिप्लोमावाला. हे सगळं शिकवणारी डिग्री असते. फार्मसीला जा." त्या दिवशी माझं ठरलं. घरात मात्र मी अवाक्षर काढलं नाही. आबांच्या फेट्याचं ते टोक डोळ्यापुढं यायचं.

बारावीचा निकाल लागला. मेडिकलला मार्क थोडे कमी पडले, फार्मसीला चिक्कार होते. घरात मात्र सुतकच आलं. जो तो येऊन आबांना सांगायचा, "एक वर्ष पुन्हा बसवा तिला, पुढच्या साली नक्की." पुन्हा बसणं म्हणजे तीच पुस्तकं, तीच परीक्षा, घरात आणखी एक वर्ष, आणि वर रोज कुणाची तरी जीभ बघायची. मी गुपचूप मामाच्या मदतीनं फार्मसीचा अर्ज भरला होता, आणि पुण्याहून बोलावणं आलं. सोमवारी सकाळी हजर राहायचं. नाही गेलं तर जागा दुसऱ्याला जाणार होती. शनिवारी मी ते पत्र आबांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि खिशात घातलं. म्हणाले, "उद्या कौल लावू."

झालं! माझ्या कॉलेजचा निकाल आता तो दगड लावणार होता.

रविवारी ऊन चढायच्या आधी आम्ही माळावर गेलो. पुजारी तात्या म्हातारे, पण काम चोख. त्यांनी पाकळ्या भिजवून लावल्या आणि विचारलं, "आबा, काय इचारायचं?" आबांनी हात जोडले. "देवा, पोरीला डॉक्टर करायची हाय. एक साल पुन्यांदा बसवतो. बसवू का?" वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली पडली. तात्या म्हणाले, "घ्या, देव जणू वाटच बघत हुता." आबांचा चेहरा असा फुलला की बस्स.

आणि माझं डोकं फिरलं. देवाच्या दारात, तात्यांसमोर, मी आबांवर ओरडले. याआधी मी त्यांना कधी उलट उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. "आबा, तुमी तुमच्या मनातलं इचारलंत, त्यानं तुमाला उत्तर दिलं. माझ्या मनात काय हाय ते त्याला कुणी सांगितलं? तुमाला तरी ठावं हाय का?" मग थांबताच येईना. शेजारणीचं बाळ, माझी गेलेली झोप, मामाच्या मेडिकलातले आजोबा, सूर्य, भाकरी, चांदणी, पोटात विरघळणारी गोळी, सगळं रडत, शेंबूड पुसत भडाभडा ओकले. तात्या खांबाला टेकून आ वासून ऐकत होते. आबांनी टोपी सारखी केली. चपला घातल्या आणि पुढं चालू लागले. घरापर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

घरी आईनं मला पाणी दिलं. तिला सगळं माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. "बोललीस ना? ब्येस केलंस. आता गप ऱ्हा," एवढंच म्हणाली. आबा शेतात निघून गेले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत. मी मनाशी धरून चालले की संपलं सगळं. बारावीची ती जुनी पुस्तकं फळीवरून खाली काढलीसुद्धा.

सोमवारी तांबडं फुटताना आबांनी हाक मारली. पांढरी इस्त्रीची पैरण, टोपी, पायात नव्या चपला. "चल." आईनं माझी सर्टिफिकेटं पिशवीत घालून तयारच ठेवली होती. कुठं चाललोय हे विचारायची हिंमत मला होईना. फाट्याकडं जायच्या ऐवजी आबा माळाच्या वाटेला लागले. एसटीची वेळ होत आली होती.

तात्यांना झोपेतून उठवून आबांनी पाकळ्या लावायला सांगितल्या. मग मला पुढं केलं. "आज तू इचार."

मी हात जोडले. आणि म्हणाले, "देवा, मला औषधं शिकायची हायेत. फार्मसीला जाऊ का?"

आणि एक पाकळी हलेल तर शपथ! आम्ही बसून राहिलो. काल वाक्य पुरं होऊ न देणारा देव आज ढिम्म. तात्या म्हणाले, "हवेत गारवा हाय, पाकळ्या चिकाटल्यात. थांबावं लागंल." थोड्या वेळानं खाली फाट्यावर पुण्याची गाडी दिसली. फाट्यावर ती जरा थांबायची, गवळ्यांच्या दुधाच्या किटल्या चढायच्या. मी एकदा गाडीकडं बघत होते, एकदा देवाच्या खांद्याकडं. 

आबा उठले. गाभाऱ्याच्या ज्या उंबऱ्याच्या आत पुजाऱ्याशिवाय कुणी जात नाही, तो ओलांडून आत गेले. वाकले, आणि बोटानं देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी काढून माझ्या हातावर ठेवली.

तात्या ताडकन उभे राहिले. "आरं आरं आरं! आबा, ह्ये काय केलंस? ती देवानं पाडायची असती!"

"रागावला तर माझ्यावर रागावंल," आबा म्हणाले.  "आजवर समदं त्यालाच इचारलं, तात्या. पोरीला कंदी इचारलंच न्हाय." मग माझ्याकडं वळून खेकसले, "बघत काय बसलीस? पळ, गाडी जाईल!"

आम्ही माळावरून पळत सुटलो. आबा एका हातानं टोपी धरून आणि दुसऱ्या हातात माझी पिशवी घेऊन. कंडक्टरनं बघितलं म्हणून बरं, बेल दाबून गाडी थांबवली. सीटवर बसल्यावर मला हसू यायला लागलं ते थांबेचना. छातीवरचा धोंडा उतरला की माणसाला रडू येतं म्हणतात, मला मात्र हसूच येत होतं. मुठीतली पाकळी पार चुरगळून गेली होती.

नीरा गेलं, जेजुरी गेली, आबा खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटलं, केल्याचा त्यांना पस्तावा होतोय. सासवड आल्यावर ते माझ्याकडं वळले.

"काल रडताना म्हणालीस, गोळी पोटात कुठंतरी इरगळती. नेमकी कुठं इरगळती गं?"

"तेच शिकायला चाललेय, आबा."

"मग शिकून आल्यावर पैलं मला सांग," ते म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घाट सुरू व्हायच्या आत झोपून गेले.