दिवाणाखाली बसणारा डोंगर

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मला पहिली आठवली ती मधली खोली. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घराची ती खोली काही वर्षं रेल्वेने अडवून ठेवली होती. खरी रेल्वे माझ्या नवऱ्याची. ते भुसावळला कामाला आहेत, रोज जाऊन-येऊन करतात. खोलीतली रेल्वे मुलीची. दिवाणाएवढ्या प्लायवूडवर लंबगोल रूळ, एक इंजिन, चार डबे आणि खाली वायरींचं जंजाळ. पहिलं इंजिन वडिलांनी आणून दिलं, बाकीचं तिने स्वतःच्या पगारातून जमवलं. त्यापायी माझं शिलाई मशीन स्वयंपाकघरात येऊन पडलं होतं आणि धान्याच्या कोठ्या आमच्या पलंगाच्या पायथ्याशी.

सासर धुळ्याचं. विहीणबाई बोलणी झाली त्या दिवशीच म्हणाल्या की फ्लॅट लहान आहे, सामानसुमान काही देऊ नका, मुलगी तेवढी द्या. बोलणं चांगलंच होतं, पण मुलीचा चेहरा उतरला. जावयाने रेल्वे पाहिली होती, त्याला ती आवडलीही होती. "आईला विचारतो," असं म्हणाला होता. ते विचारणं साखरपुडा झाला तरी झालं नाही. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता मुलगी म्हणाली, राहू दे, मोडून टाकू, रूळ कोणीतरी विकत घेईल. इतक्या सरळ आवाजात म्हणाली की वाक्य आधी घोकलेलं असणार.

मोडली असती तर खोली मोकळी झालीच असती. पण 'मी तुमच्या घरासाठी अमुक सोडलं' हे वाक्य बाईच्या हाती लागलं की ती ते वीस वर्षं वापरते. आमच्या नात्यातच मी पाहिलंय. तेव्हा रेल्वे मोडायची नाही, धुळ्याला पाठवायची, असं मी ठरवलं.

लग्नाच्या रुखवताच्या ऑर्डरी मी घेते. डाळींच्या रांगोळ्या, साखरेचा बंगला, पुठ्ठ्याची विहीर, बैलगाडी. रुखवताच्या टेबलावर जे मांडलं ते मुलीबरोबर सासरी जातं. त्याला तिकडे जागा आहे का, हे कोणी विचारत नाही. चार बायकांसमोर "हे आम्हाला नको" म्हणालेली वरमाय मी अजून पाहिलेली नाही. रेल्वे रुखवतात मांडायची, एवढंच करायचं होतं. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, ही फसवणूक आहे." मी म्हटलं, जागा खरोखर असली तर नाही.

धुळ्याला घर बघायला गेलो तेव्हा ते काम केलं. चहा झाला, विहीणबाई कप ठेवायला आत गेल्या, तेवढ्यात मी हॉलमधल्या दिवाणाखाली हात घातला. जमिनीपासून वर एक वीत आणि चार बोटं. जावई समोरच बसला होता. तो पंख्याकडे बघत राहिला. तेवढं शहाणपण त्याला आहे.

आता उघडं प्लायवूड रुखवतात मांडता येत नाही. त्यावर गाव हवं, शेत हवं, डोंगर हवा. मुलगी मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून त्यांच्या नकली गवताच्या पुड्या आणि रंगांचे डबे मागवायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. रद्दी भिजवली, कुटली, त्यात मेथ्या वाटून घातल्या. कागदाच्या टोपल्या आम्ही अशाच करायचो. मेथीने लगदा चिवट होतो आणि कीड लागत नाही. पाटी पालथी घालून, वर ओलं फडकं टाकून त्यावर लगदा थापला. वाळल्यावर डोंगर सुटून हातात आला. दोन बाजूंना भोकं कापली की बोगदा तयार.

"हा डोंगर आहे की भाकरी?" मुलगी म्हणाली. "एवढा चपटा डोंगर असतो का?"

"धुळ्याला जायचं असेल तर असतो."

आमचं खरं भांडण मापावरून झालं. तिचं सगळं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. माणूस बोटाच्या पेराएवढा. मला रुखवताची सवय. लांबून दिसलं पाहिजे, म्हणून मी गाय केली ती निम्म्या डब्याएवढी. तिने गाय उचलून फ्रिजवर ठेवली. तुळशीवृंदावनही गेलं, ते इंजिनापेक्षा उंच होतं. केळी मात्र तिला माझ्यावरच सोडाव्या लागल्या, कारण माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. खराट्याच्या काड्यांवर कागद गुंडाळला, हिरव्या रिबिनीची पानं लावली आणि प्रत्येक पान कात्रीने कडेकडेने चिरलं. वाऱ्याने न फाटलेलं केळीचं पान फक्त चित्रात असतं. कापसाला खरा कापूस वापरला, वातीला वळतात तसा, पण टाचणीच्या डोक्याएवढा. मिठाईच्या खोक्यांची स्टेशनं झाली. एकावर जळगाव लिहिलं, दुसऱ्यावर धुळे.

रुळांखालच्या खडीला मी राजगिरा वापरला. रुखवतात आम्ही वाट, अंगण, सगळं धान्याचंच करतो, आणि राजगिऱ्याचा दाणा मापाला अगदी बरोबर होता. मुलीनेही पास केला. वरून पातळ फेविकॉल शिंपडला, आणि लवकर वाळून तडकू नये म्हणून ओलं फडकं झाकून दोन दिवस लग्नाच्या खरेदीला गेलो. येऊन फडकं काढलं तर जळगावपासून धुळ्यापर्यंत रुळांमध्ये लालसर कोंब आले होते. नवरा जेवणाचा डबा ठेवायला आत आला, बघून म्हणाला, "या भागात पाऊस चांगला दिसतोय." मुलगी हसली नाही. इंजिन दोन वीत चालून थांबत होतं आणि लग्न तोंडावर आलं होतं. मग दोघींनी जुन्या टूथब्रशने सगळे रूळ खरवडले. शेजारच्या बांधकामावरून दगडाचा चुरा आणला, चहाच्या गाळणीने चाळला, तो पसरला. हे आधीच सुचायला हवं होतं. पण धान्य घरात असताना दगड कोण शोधतं?

नवऱ्याने फळीचे दोन भाग केले आणि खाली चाकं लावली. मी वीत आणि चार बोटं पुन्हा मोजून घेतली.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात पापड-लाडवांच्या मधोमध गाडी फिरत होती. लहान-मोठे सगळे गोळा झाले. मला विहीणबाईंशिवाय दुसरं कोणी दिसत नव्हतं. त्या आल्या, चष्मा वर केला, केळीच्या बागेशी वाकल्या. एरवी आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलणारी बाई एकदम अहिराणीवर आली. "हाई बठ्ठं घरमा करेल शे?"

मी म्हटलं, हो, सगळं घरीच केलंय. त्यांनी पूर्ण फेरी मारली.

"आमचं धुळं एवढंसं?"

"जळगावही तेवढंच आहे, विहीणबाई. मोजून घ्या."

"आणि हे ठेवायचं कुठे?"

मुलगी मुंडावळ्या बांधून समोरच उभी होती. ती माझ्याकडे बघेना, त्यांच्याकडेही बघेना.

"तुमच्या दिवाणाखाली बसतं," मी म्हटलं. "माप घेऊन केलंय."

"माप कधी घेतलं?"

"तुम्ही कप ठेवायला गेलात तेव्हा."

गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली. मग त्या म्हणाल्या, "दिवाणाखाली माझ्या गाद्या असतात." हे मला माहीत नव्हतं, त्या दिवशी बहुधा कोणासाठी तरी काढल्या असतील. बायका ऐकत होत्या. विहीणबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो पुन्हा पंखा शोधत होता.

"गाद्या माळ्यावर जातील," त्या म्हणाल्या. "यालाच चढवीन मी गाद्या घेऊन. पण धूळ मी झाडणार नाही, आधीच सांगते."

"मी झाडीन," मुलगी म्हणाली. वधूने त्या वेळी बोलायचं नसतं, पण बोलली.

संध्याकाळी वरातीमागून रुखवताचा टेम्पो गेला. घरी आल्यावर मी साडीही न बदलता मधली खोली झाडली आणि शिलाई मशीन जागेवर सरकवलं. कपाटाखाली रुळाचा एक तुकडा निघाला. तो लगेच दुसऱ्या दिवशी धुळ्याला जाणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीत टाकला, नाहीतर तेवढ्यासाठी सगळं परत यायचं.

मुलीचा फोन आला. पोचलो म्हणाली.

"गेलं का दिवाणाखाली?" मी विचारलं.

"गेलं. वर बोटभर जागा उरली."

मग मी पाय पसरून बसले आणि तिची चौकशी केली.