ब्यूरव्राऊची आई

आम्ही एकमेकींना नावाने कधीच हाक मारली नाही. बाडहूव्हडॉर्पला राहायला आलो त्याच आठवड्यात तिने मला ‘ब्यूरव्राऊ’ म्हटलं, म्हणजे डचमध्ये शेजारीण, आणि मीही तिला तेच म्हणायला लागले. ती विमानतळावर विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायची, मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायची. दोघींचं डच सारखंच मोडकं, त्यामुळे बोलताना संकोच नव्हता.

ती बुरुंडीची. आफ्रिकेच्या मधोमध, समुद्र कुठेच नाही, एका अंगाला लांबलचक तळं आणि बाकी सगळ्या टेकड्या, असं सांगायची. तिकडे घरं टेकडीवर विखुरलेली असतात आणि माणूस पत्ता म्हणून टेकडीचं नाव सांगतो. लहानपणी यादवीत तिचे वडील गेले, त्यांचं प्रेतही मिळालं नाही. पुढे शांतता आली, ती शिकली, शहरात नोकरीला लागली. मग राष्ट्राध्यक्षांना पुन्हा एकदा निवडणूक लढवायची होती, त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्यांत तिचा भाऊ होता. त्याला घरातून उचलून नेलं, तो परत आला नाही. ती रवांडामार्गे निसटली आणि इथे आश्रयाला आली. टेकडीवर आई एकटी राहिली.

त्या शनिवारी सकाळी ती दारात उभी होती, अंगात कोट, पाठीवर सॅक.

“आईच्या पोटात काहीतरी फुटलंय. टेकडीखालच्या दवाखान्यातली नर्स म्हणते, शहरात नेऊन ऑपरेशन करा. पण गाडीच नाही.”

“भाड्याने मिळेल ना?”

“गाड्या आहेत गं. पेट्रोल नाही. अख्ख्या देशात नाही. माझा चुलतभाऊ पहाटेपासून हिंडतोय.”

मी तिला आत घेतलं, बसवलं. मग आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, बुरुंडीत कुणाची ओळख आहे का. एकाने विचारलं, हे कुठे आलं? इथल्याच बेस्ट नावाच्या गावातल्या एका इंजिनिअरच्या बायकोने मात्र लगेच फोन केला. तिच्या ओळखीच्या एका गुजराती कुटुंबाचं तिथल्या शहरात दुकान होतं. मी नंबर फिरवला. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बहनजी, मैं मना नहीं कर रहा,” ते म्हणाले. “मेरी अपनी गाड़ी कब से खड़ी है. मैं खुद पैदल दुकान जाता हूँ.”

तिला हिंदी कळत नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती उठली.

“मी जाते. रवांडात किगालीपर्यंत विमान आहे. पुढे चालत.”

“सीमा बंद आहे म्हणालीस ना?”

“डोंगरातून वाटा आहेत. मी आले तशी जाईन.”

“तुला पकडतील!”

“पकडू देत. तोपर्यंत भेट तरी होईल.”

आमच्या डोक्यावरून विमान उतरायला लागलं की खिडक्यांच्या काचा थरथरतात. रोजचंच आहे. त्या दिवशी प्रत्येक विमानाला ती मान वर करून बघत होती. इंधनाच्या टाक्या भरभरून उडतात ही, म्हणाली, आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली.

तेवढ्यात चुलतभावाचा फोन आला. टेकडीवरचे लोक जमले होते. वेताच्या डोलीत आईला घालून, खांदे बदलत, ते डांबरी रस्त्याकडे निघाले होते. पाऊस होता. फोनमधून माणसांचा धापा टाकण्याचा आवाज येत होता. मधूनच एक बाई कण्हत होती. शेजारणीने फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. माझ्या नवऱ्याने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

रस्त्यावर आल्यावर बराच वेळ काहीच मिळेना. अखेर बिअरची खोकी नेणारा एक ट्रक थांबला. आईला वर चढवण्याआधी चुलतभावाने तिच्या कानाला फोन लावला. शेजारीण भराभर त्यांच्या भाषेत बोलत होती. मग नुसती ऐकत राहिली. फोन बंद झाला तेव्हा तिने सॅक काढून खाली ठेवली.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, येऊ नकोस. एक लेकरू नेलंय त्यांनी, दुसरं मी देणार नाही.”

ट्रक शहराच्या अलीकडे घाटात असतानाच आई गेली. चुलतभावाचा आवाजी निरोप आला तेव्हा इथे अजून ऊन होतं, मागच्या गल्लीत कुणीतरी गवत कापत होतं. तिने निरोप पुन्हा पुन्हा लावला. मी तिचा हात धरून होते.

आईला टेकडीवर परत नेता आलं नाही, कारण पेट्रोल तेव्हाही नव्हतंच. शहराच्या स्मशानभूमीत अनोळखी माणसांमध्ये तिला पुरलं. शेजारणीने ते फोनवर पाहिलं. मध्येच नेटवर्क गेलं, परत आलं तोवर माती लोटून झाली होती.

पुढच्या रविवारी तिच्या घरी तिच्या देशाची माणसं जमली. लांबच्या गावांतून आली होती, काही ट्रेनने, काही एकाच गाडीत दाटीवाटीने. आमच्यात दुःखाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, म्हणून मी वरणभात घेऊन गेले. त्यांनी तो घेवड्याच्या उसळीशेजारी मांडला आणि सगळ्यांनी खाल्ला. जागा नव्हती, मी जिन्याच्या पायरीवर बसले. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं,

“तुमची आई कुठे असते?”

“पुण्याला.”

“तुम्हाला जाता येतं?”

“हो,” मी म्हटलं. “केव्हाही.”

त्यांनी ते आपल्या भाषेत बाकीच्यांना सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि काही बायकांनी मान हलवली.