जावेच्या कपाटातला पाइप

सडक्या कोबीचा वास आला की मला धाकट्या जावेचं स्वयंपाकघर आठवतं. गोडदेवला आमची दारं समोरासमोर आहेत. बिल्डिंगीत पाइपाचा गॅस आला तेव्हा तिला लगेच मिळाला. माझ्याकडे फिटर म्हणाला, "मावशी, बटणांचा बोर्ड पाइपाला लागून येतोय. आधी तो हलवा, मग जोडतो." आमच्या ह्यांनी वायरमन बोलवायला दोन महिने लावले. तोवर जाऊ रोज ऐकवायची, "ताई, सिलिंडर संपायची कटकटच गेली बघा!" पाहुणेसुद्धा चहाला तिच्याकडेच जायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पुढे तिने पाइप झाकायला चकचकीत कपाट करून घेतलं आणि शेगडीवरच्या चिमणीचं बटणही त्याच कपाटात बसवलं. पाइप मोकळ्या हवेत हवा, बटण लांब हवं, नाहीतर गळलेला गॅस बटणाच्या ठिणगीने पेटतो, हे फिटरने मला बजावलं होतं. तरी तिचा चहा पिऊन मी म्हटलं, "छान दिसतंय गं." मनात म्हटलं, मोडावं लागेल तेव्हा कळेल. आठवड्याने सकाळी जिन्यात गॅसचा, सडक्या कोबीसारखा वास आला. तिचं दार उघडंच होतं. वास घालवायला म्हणून ती चिमणी चालू करायला कपाटात हात घालत होती. "बटणाला हात लावू नकोस!" मी ओरडले, तिला मागे ओढलं, कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या. ती माझ्या गळ्यात पडून रडली. अजून सगळ्यांना सांगते, "ताईंचं नाक तिखट, म्हणून मी वाचले." नाकाच्या आधी आठवडाभर माझ्या डोळ्यांना सगळं दिसलं होतं, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.